कुवाबारासाहेबांचा पहिला हुकूम

तेइजिरो कुवाबारा आरमारातून निवृत्त होऊन आमच्या उरासाकी गावात परतले, तेव्हा त्यांच्या नावावर लढायांचे पुष्कळ आराखडे होते आणि हुकूम एकही नव्हता. आराखडा करायचा, सल्ला द्यायचा आणि हुकूम नौदलप्रमुखांच्या तोंडून ऐकायचा, हेच त्यांचं काम. जन्मभर ते कुणा ना कुणा प्रमुखाच्या डाव्या खांद्यामागे उभे राहिले. घरीसुद्धा "मासा किंचित खारट असावा, असं माझं मत आहे," एवढंच म्हणत. पत्नी ओशिगेबाई ते मत विचारात घेत नसत.

उन्हाळ्यात पलीकडच्या कुरोसे गावाशी आमची होड्यांची शर्यत असते. जिंकेल त्या गावाने वर्षभर खाडीच्या तोंडाशी जाळी टाकायची. आम्ही सारखे हरत होतो आणि खाडीतली तारली मासळी त्यांच्या किनाऱ्यावर वाळत होती.

यंदा आराखडा साहेबांचा. कुरोसेवाले खाडीतल्या वळणाच्या खडकाला लांबून वळसा घालतील. आपण ओहोटीच्या धारेत, खडकाला चाटून वळायचं. वल्ह्यांवर आम्ही. वल्ह्यांना ठेका देणाऱ्या ढोलावर जाळ्यांचे मालक गेनपाची, म्हणून प्रमुख तेच. साहेब अर्थातच त्यांच्या डाव्या खांद्यामागे.

खडकाजवळ आलो तेव्हा आम्ही अर्धी होडी मागे होतो. तोच लाट आदळली आणि गेनपाची टिपऱ्यांसकट पाण्यात गेले! ढोल थांबला. वल्ही हवेत.

"काय करायचं, साहेब?" मी ओरडलो.

"परिस्थिती पाहता डावीकडे वळणं श्रेयस्कर ठरेल, असं माझं नम्र..."

"अहो, कुरोसेवाले निघाले की पुढे!"

साहेबांची नजर तो खांदा शोधत होती. तो पोहत होता.

किनाऱ्यावरून ओशिगेबाई गरजल्या, "अहो! मत देऊ नका, ओरडा!"

आणि साहेब ओरडले. "डावीकडे! ओढा! ओढा, गाढवांनो!" नुसत्या मुठींनी त्यांनी ढोल बडवायला घेतला. माझं वल्हं खडकावर खरवडलं, होडी धारेत शिरली आणि सुटली! आम्ही किंचाळत होतो, कोण हसत होतं, कोण रडत होतं, कळत नव्हतं. कुरोसेची होडी आधी शेजारी होती, मग मागे, मग वळून पाहायलाही सवड नव्हती.

संध्याकाळी देवळात विजयाची साके वाटताना पंचांनी विचारलं, "वळायचा हुकूम कुणाचा?"

मुठींना फडकी गुंडाळलेले साहेब ताठ उभे राहिले. "प्रमुखांचा. मी फक्त सुचवलं."

पंचांच्या होडीने बाहेर काढलेले प्रमुख कोपऱ्यात अजून निथळत होते. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

रात्री जेवताना साहेब म्हणाले, "मासा खारट आहे."

ओशिगेबाईंनी मुकाट्याने बशी बदलली.