गारवा बाहेर जातोय

होळी झाली की एसीची जाळी मीच धुते, मोरीत बसून, जुन्या टूथब्रशनं. एसी बेडरूममध्ये आहे, पण त्याचं बाहेरचं यंत्र स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, कारण इमारत समोरून वाईट दिसायला नको! त्यामुळे खोलीतला उकाडा पोळ्या लाटताना थेट माझ्या तोंडावर येतो. त्या यंत्राचीही धूळ मीच झाडते, उकाडा नीट बाहेर पडावा म्हणून. घर कुठलं थंड होतंय? उकाडा फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

आज नवऱ्याला पाणी द्यायला आत गेले. जरा घाम सुकतोय, तोच तो पलंगावरून म्हणाला, "अगं, दार लाव ना, सगळा गारवा बाहेर जातोय."

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांत बाहेर आलेला गारवा मला तरी कधी भेटला नाही.