तेक्लाची एकशे बारा कलमं

तेक्ला हाव्रिलुक आमच्या वसाहतीतल्या रोपवाटिकेत सव्वीस वर्षं काम करते. येर्बाची, म्हणजे ज्याच्या पानांचा काढा आम्ही चहासारखा दिवसभर पितो त्या झाडाची, लाखभर रोपं तिच्या हातून गेली असतील. पण त्या वर्षी एकशे बारा कलमांनी तिच्या तोंडचं पाणी पळवलं, आणि शेजारीण म्हणून मी ते रोज पाहिलं.

तिच्या आईने लावलेलं येर्बाचं एक झाड घरामागे होतं. दोन वर्षं पाऊस हुकला तेव्हा रांगेतली बाकीची झाडं करपली. हे हिरवंच राहिलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि आता झाडाचं खोड भुंग्याने पोखरायला घेतलं होतं. येर्बाचं बी पेरलं तर रोप आईवर जाईल याचा भरवसा नसतो. तेच झाड पुढे न्यायचं तर छाटकलम करायला हवं, आणि म्हाताऱ्या फांदीचं कलम मुळं धरत नाही. कोवळे फुटवे हवेत तर झाड गुडघ्याएवढं ठेवून कापायचं.

"कापून वाचवणार? आधी आईच्या थडग्यापाशी जाऊन तिला सांगून ये," तिचे वडील बासिलिओ म्हणाले. तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते.

"बाबा, भुंगा वर चढतोय. पुढच्या वर्षी कापायलाही काही उरणार नाही."

"आणि फुटलंच नाही तर?"

 चौदा सप्टेंबरला, आमच्याकडे हिवाळा सरतो तेव्हा, तेक्लाने स्वतः करवत चालवली.

अडतीस दिवस तो खुंट मुका राहिला. तेक्ला कामावर जाताना एकदा आणि आल्यावर एकदा त्याच्यापुढे वाकायची, आणि सरळ होताना तिचा चेहरा पाहवत नसे. बावीस ऑक्टोबरला सालीतून तांबूस ठिपके वर आले. दोन डिसेंबरला तिने फुटवे काढले, बोटाएवढी कलमं केली, प्रत्येकाला दोन पानं ठेवून तीही निम्मी कातरली, बुडं मुळं फुटायच्या पावडरीत बुडवली आणि नळकांड्यांत लावली. वर प्लास्टिकचा बोगदा, त्यावर सावलीची जाळी. रोपवाटिकेत दहा जणांचे हात लागतात, म्हणून हे सगळं तिने घरामागेच केलं.

खुंट जगावा म्हणून दोन फुटवे तिने त्याच्यावर ठेवले होते. आठवड्याने सकाळी पाहिलं तर पानं कातरणाऱ्या मुंग्यांनी ते सोलून नेले होते. नाताळपर्यंत खुंटाची साल सुटून हातात यायला लागली. आता आईचं झाड उरलं होतं ते फक्त त्या बोगद्यात.

चार जानेवारीला तिची हाक ऐकून मी कुंपण ओलांडून गेले. बोगद्याची कड उचललेली, आत कुबट वास, आणि कलमांच्या बुडाशी पांढरी लव. बुरशी. प्रत्येक नळकांड्यात मातीवर तपकिरी चुरा पसरलेला.

"हा येर्बाचा चोथा कुणी टाकला?"

बासिलिओ येर्बा प्यायचा तुंबा हातात धरून उभे होते. येर्बा ओढून प्यायची नळी अजून त्यात होती.

"मीच. रोज थोडा थोडा. तुझी आई गुलाबांना घालायची. फुलायचे की नाही?"

"बाबा, हे गुलाब नाहीत! ह्यांना मुळंच नाहीत, खाणार कशाने?"

"मला वाटलं, बारकी आहेत, जरा जोर येईल..." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही नका बघू अशा, इर्मा. निम्मा चोथा तुमच्या पोटात गेलेल्या येर्बाचा आहे."

ते खरंच होतं. रोज सकाळी मी त्यांच्याच तुंब्यातून प्यायचे. चोथा कुंडीत रिकामा करायचा हे आम्ही सगळे लहानपणापासून करत आलो; त्यांना थांबवायचं मला कधी सुचलं नसतं.

तेक्लाने चिमट्याने चोथा वेचला, काळी पडलेली कलमं उपटून जाळली. एकतीस उरली. ती हिरवी होती, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. मुळाशिवाय कलम दोन दोन महिने हिरवं राहतं आणि मग एका दिवसात मान टाकतं. ओढून पाहायचीही सोय नाही, धाग्याएवढं मूळ आलं असेल तर तुटतं.

बासिलिओंनी येर्बा सोडला. मी तुंबा पुढे केला की "आज नको" म्हणायचे. आमच्याकडे माणूस हे म्हणायला लागला की घरचे डॉक्टर शोधतात. एकदा बोगद्याकडे लांबूनच बघत ते मला म्हणाले, "तिला मी दोनदा पुरलं असं होईल, इर्मा."

पाच फेब्रुवारीला पासष्ट दिवस झाले; आता मूळ आलं असेल तर हलकी ओढ सोसण्याइतकं झालं असणार.

"बाबा, तुम्ही ओढा," तेक्ला म्हणाली.

"मी? ह्या हातांनी?"

"ह्याच हातांनी. हळूच. अडकलं की सोडायचं."

पहिलं कलम लोण्यातून सुरी निघावी तसं वर आलं. बूड काळं.  दुसरंही तसंच. तिसऱ्याला त्यांनी दोन बोटं लावली आणि तसेच थांबले.

"हे येत नाही गं."

"मग सोडा!"

"सोडलं आणि पडलं तर?"

"बाबा, सोडा!"

तिने त्यांची बोटं एकेक करून उघडली. कलम उभं राहिलं.

संध्याकाळपर्यंत अशी मुळं धरलेली अकरा सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बासिलिओंनी स्वतःहून येर्बा मागितला. पिऊन झाल्यावर तुंबा दोन्ही हातांनी झाकून धरत ते फाटकाबाहेर गेले, रस्त्यापलीकडच्या खड्ड्यात चोथा टाकला आणि नळावर कोपरापर्यंत हात धुतले. जूनमधली गोठवणारी थंडी अजून यायची होती. बोगद्यापाशी येऊन, कशालाही हात न लावता त्यांनी विचारलं, "कड नीट बंद आहे ना गं?"