कॅनच्या पाण्यातली सवत

वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये प्यायला विकतचं कॅनचं पाणी आणि बाकी सगळ्याला नळाचं, अशी वाटणी होती. माझा भातसुद्धा नळाच्या पाण्यात शिजायचा. पण नवऱ्याच्या बेडकीची काचेची टाकी भरायला मात्र कॅन! तिची कातडी नाजूक म्हणे. इथल्या दमट उकाड्यात माझी कातडी सोलून निघत होती, ती कुणाला दिसत नव्हती.

ही बया पांढरीफटक, सतत पाण्यातच राहणाऱ्या जातीची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या एका मित्राची बदली झाली, तो जाताना ती आमच्या गळ्यात मारून गेला. तेव्हापासून श्रीपेरुंबुदूरहून कंपनीची बस आली, की नवरा बूट काढून थेट टाकीपाशी. बोटांच्या चिमटीत खाण्याची गोळी धरायची आणि लाडालाडात बोलवायचं. मी चहा घेऊन उभी, तर म्हणे, "ठेव तिथे." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला कधी एक घास भरवला असेल तर शपथ!

जळायचे मी, सरळ सांगते. आणि जळता जळता दिवसभर तिच्यावर डोळा ठेवायचे. श्वास घ्यायला कधी वर येते, कात टाकून स्वतःच कशी गिळते, शी! सगळं पाठ झालं होतं.

म्हणूनच ती फुगलेली मला आधी दिसली. पोट टम्म, मांड्याही सुजलेल्या, बुडी मारायला जाई तर पुन्हा वर तरंगे. गोळी नाकासमोर असून तोंड उघडेना.

"अरे, ही आजारी आहे," मी म्हटलं.

"अगं, बाळसं धरलंय तिने," बस पकडायच्या घाईत नवरा म्हणाला. "तुला ना, तिचं काही बघवतच नाही."

असं लागलं म्हणून सांगू! म्हटलं, मरू दे, माझं काय जातं? पण मेली असती तर हा जन्मभर माझ्याकडेच संशयाने बघत बसला असता. इडलीच्या पिठाच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली, हात ओले करून तिला आत घातलं आणि शेअर ऑटोत बसले.

पशुवैद्य बाई एकेक विचारत गेल्या. खाणं कधीपासून बंद? कात कधी टाकली? मी धडाधड सांगत गेले. त्या हसून म्हणाल्या, "फारच लाडकी दिसते तुमची." लाडकी? कप्पाळ माझं!

मग त्यांनी पाण्याचं विचारलं. कॅनचं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात. तसल्या पाण्यात पाणीच तिच्या अंगात शिरत राहतं, म्हणूनच ही सूज. त्यांनी सुईने थोडं पाणी काढलं, औषध दिलं, मिठाचं प्रमाण आखून दिलं आणि यापुढे नळाचंच पाणी, क्लोरीन मारणारे थेंब टाकून, असं बजावलं. मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि शब्दन्‌शब्द ऐकवला. फार गार वाटलं जिवाला!

नेमकं तेव्हाच त्याला कारखान्यात ओव्हरटाइम लागला. सगळं माझ्या अंगावर. उथळ टबात मिठाचं पाणी करायचं, म्हणजे वर येताना तिची दमछाक नको. रोज पाणी बदलायचं, औषध द्यायचं, पोट उतरलं का पाहायचं. हळूहळू सूज ओसरली. एका दुपारी तिने माझ्या चिमटीतली गोळी गप्पकन ओढली, तेव्हा मी एकटीच घरात ओरडले, "खाल्लं गं बाई!"

बरी झाल्यावर तिला परत टाकीत सोडलं. संध्याकाळी नवरा आला, बूट काढून टाकीपाशी बसला, पाण्यात हात घातला. आणि ही सटवी सरसर पोहत त्याच्याकडे गेली.

"बघ, विसरली नाही मला!" तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरणाच्या दारातून मी ओढून आणली, आणि लाड याचे? चहा मी मुद्दाम ओट्यावरच ठेवला, म्हटलं घे हाताने.

दुसऱ्या दिवशी त्याची बस गेल्यावर मी स्टूल ओढलं, चिमटीत गोळी धरून हात पाण्यात घातला आणि म्हटलं, "ये गं बये. तो आता संध्याकाळपर्यंत येत नाही."