पाळकसाहेबांनी बाजूला ठेवलेली भाकर

१. तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाचे, प्रभाकरचे, लग्न श्रीपूरच्या रणदिवे यांच्या मुलीशी ठरले.

२. साखरपुड्यानंतर त्याने आपले पाळक रेव्हरंड शांतवन कसबे यांना सांगितले, की आपल्याला स्त्रीविषयी ओढ वाटत नाही, पुरुषाविषयी वाटते, आणि हे आजचे नाही.

३. साहेबांनी त्याला मुलीच्या वडिलांना खरे कारण सांगायला लावले. त्याने सांगितले. लग्न मोडले.

४. ते कारण आपल्या मंडळीच्या पंचांपर्यंत पोचले. पंचांनी ठराव करून प्रभाकरला प्रभुभोजनातून वगळले.

५. पुढच्या प्रभुभोजनाला साहेबांनी येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला सर्वांना दिला. स्वतःचा तुकडा ताटलीत बाजूला ठेवला. तेव्हापासून त्यांनीही प्रभुभोजन घेतलेले नाही.

पाचवी गोष्ट पुष्कळांनी पाहिली आहे, पण कारण वेगळे धरले आहे. साहेबांना मधुमेह आहे, द्राक्षरस चालत नसेल, असे मी दोघातिघांकडून ऐकले. मी गिरणीच्या चाचणी विभागात सुताची ताकद तपासते. चुकीचे कारण नोंदले गेलेले मला चालत नाही. साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, ते सेवानिवृत्त होत आहेत आणि त्यांच्या गौरवाचा हा अंक निघतो आहे. खरे कारण लिहायला हीच जागा योग्य वाटली. प्रभाकरची याला संमती आहे.

साहेबांची माझी ओळख एका मेजावरून झाली. दुष्काळानंतरच्या वर्षी मी वस्त्रतंत्राच्या पदविकेला प्रवेश घेतला. वर्गात आम्ही मुली दोनच होतो. आमच्या घरात ड्रॉइंगचा फळा सपाट ठेवता येईल अशी जागा नव्हती. आईने ही अडचण साहेबांना सहज बोलता बोलता सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून चर्चमागच्या खोलीतले मोठे मेज दाखवले आणि म्हणाले, "फळा तुझा, मेज मंडळीचं. शनिवारी मात्र शाई उचलून न्यायची. मागं एकदा माझ्या पांढऱ्या झग्याला लागली, तर लोकांना वाटलं उपदेश लिहून आणलाय." पदविका संपेपर्यंत मी त्या मेजावर काम केले. मुलीने हे शिक्षण कशाला घ्यावे, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. विचारणाऱ्यांना परस्पर उत्तरे दिली, हे मला फार पुढे कळले.

गळिताच्या हंगामात ते श्रीपूरला ऊसतोड कामगारांच्या खोप्यांवर उपासनेला जात. एकदा मीही बरोबर होते. पुरुषमंडळी बैलगाड्यांच्या आडोशाला येऊन बसली होती, बायका अजून चुलीपाशी होत्या. मुकादम म्हणाला, "करा की सुरू साहेब, त्यास्नी ऐकू जातंय तितनं." साहेब एका गाडीच्या जुवावर बसून राहिले. शेवटच्या बाईने हात धुतले तेव्हा त्यांनी पुस्तक उघडले.

आता ठराव होण्याआधीचा प्रसंग. मी शेवटच्या वर्षाला होते, त्याच मेजावर एक आकृती पुरी करत होते. पंचांपैकी आढावमास्तर साहेबांना भेटायला आले. विषय कळताच मी फळा आवरायला घेतला. साहेब म्हणाले, "तू बस. तुझाच भाऊ आहे."

मास्तर वाईट मनाने आले नव्हते, हे मी नमूद करते. त्यांनी प्रभाकरला पेटी शिकवली आहे. ते म्हणाले, की हे पाप आहे असे शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे आणि ते लिहिणारे आपण नव्हे.

"स्पष्ट आहे की," साहेब म्हणाले. "त्या ओळी मी खोडायला बसलो नाही, मास्तर. पण त्या लिहिणारा पौल तिथं थांबत नाही. पान उलटलं की तो न्याय करणाऱ्याकडंच वळतो."

"मग पोरांना काय शिकवायचं आम्ही?"

"हेच शिकवा, की ह्यानं एका मुलीला फसवलं नाही."

मास्तरांनी विचारले, की तो बदललाच नाही तर?

"मला आजवर राग आवरता आलेला नाही. तुम्ही बघताच. मला कुणी प्रभूच्या मेजावरून उठवलं नाही." मग ते हळू बोलले. "मास्तर, खरं बोल म्हणून मी त्याला सांगितलं. तो बोलला. त्याबद्दल त्याला उठवायचं आणि मी बसून जेवायचं? मला तो घास गिळवणार नाही."

ठराव तरीही झाला. साहेबांनी पंचांचा मान राखला, ठरावाविरुद्ध प्रभाकरला भाकर दिली नाही. फक्त स्वतःही घेतली नाही.

यावरून साहेबांचे मत प्रभाकरच्या सोयीचे होते, असे कोणी समजू नये. शरीरसंबंध स्त्रीपुरुषांच्या विवाहातच असावा, असा शास्त्राचा अर्थ ते लावतात आणि त्यांनी त्याला एकट्याने राहायचा सल्ला दिला. प्रभाकर म्हणाला, की मला पाळता येईल की नाही ते ठाऊक नाही, मी वचन देणार नाही. साहेब म्हणाले, "नकोच देऊ. खोटं वचन मला नको." त्यांचे एकमत आजही झालेले नाही. मी दोघांचेही ऐकले आहे आणि मला भावाचे पटते. पण प्रभुभोजनाच्या रविवारी उपासना संपली की साहेब त्याला सायकलवर डबलसीट घेऊन आमच्या घरी येतात आणि दारातूनच आईला सांगतात, "बाई, दोन उपाशी माणसं आलीत, चहा टाका." या तीन वर्षांत प्रभाकर मंडळी सोडून गेला नाही, त्याला हा चहा कारण आहे. साहेबांचे आमच्यावर उपकार पुष्कळ आहेत. हा सर्वांत मोठा.

रणदिवे मला मागच्या हंगामात भेटले. ते स्वतः होऊन म्हणाले, "माझा राग न्हाय बाई त्याच्यावर. लगीन मोडलं म्हटल्यावर पोरीकडंच बोट गेलं असतं, म्हणून कारण सांगावं लागलं. पोरगी सुखात हाय. त्यो बोलला नसता तर लई वाईट झालं असतं की." हे पंचांना सांगायला त्यांची हरकत नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, साहेब आपल्या मंडळीत शेवटचे प्रभुभोजन देतील. मी हे लिहिते आहे, हे त्यांना माहीत नाही. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलेले नाही, मागणारही नाहीत. त्यांची साखर ताब्यात राहो, गुडघे सायकलला साथ देवोत, आणि निवृत्तीनंतरही पुष्कळ वर्षे आमच्या दारातून चहाची हाक येवो, ही माझी प्रार्थना आहे.

त्या दिवशीची भाकर करण्याची पाळी आमच्या घराची आहे. हा अंक त्याआधी पंधरा दिवस सर्वांच्या हातात पडेल. पंचांना माझी विनंती आहे, की प्रभाकरविषयीचा ठराव मागे घ्यावा. घ्यायचा नसेल तर तसे स्पष्ट कळवावे. म्हणजे साहेब आपल्या शेवटच्या प्रभुभोजनाला जेवणार की उपाशी उठणार, हे आपणा सर्वांना आधी माहीत असेल. उत्तर त्याआधीच्या आठवड्यात, झावळ्यांच्या रविवारी, सकाळची उपासना संपेपर्यंत, मला किंवा आईला द्यावे.