दहाची पाटी

आसेगावच्या जत्रेत आकाशपाळण्याची तिकिटं देणारा तो माणूस मला दरवर्षी भेटतो. नाव मी कधी विचारलं नाही. तिकीट फाडण्याआधी तो प्रत्येकाला विचारतो, "जेवून आला काय?" हो म्हणणाऱ्याला तो सरळ रांगेच्या शेवटी धाडतो.

यंदा पाळण्याशेजारी डोलणारं मोठं जहाज नवीन आलं आणि सारी जत्रा तिथेच लोटली. त्याची तिकिटंही तोच देत होता. मीही रांगेत होतो. गर्दी कमी व्हावी म्हणून त्याने जहाजाचं तीस रुपयांचं तिकीट पन्नास केलं. पाटी बदलताच गर्दी दुप्पट झाली.

"पन्नास हाये म्हंजे जबरदस्तच असन!" माझ्यामागची बाई म्हणाली.

लोखंडी कठडा वाकू लागला. पुढे लहान लेकरं चेंगरत होती. "काहून लोटता?" असं ओरडून त्याचा घसा बसला. मग त्याने पाटी पुसली, खडूने 'दहा रुपये' लिहिलं आणि काडीने दात कोरत निवांत बसला.

"दहा? बोल्ट ढिले असतीन, बाप्पा!" तीच बाई नातीचा हात धरून मागे सरली. पाहता पाहता रांग निम्मी झाली आणि कठड्यावरचा रेटा ओसरला.

मी घरातला पहिला पदवीधर, तोही अर्थशास्त्राचा. किंमत उतरली की मागणी वाढते, असं कॉलेजात शिकलो होतो. मी मनोमन त्याचं कौतुक करत होतो, तेवढ्यात तो माझ्याकडे पाहून हसला.

"काय सर, तुमी बी?"

तेव्हा लक्षात आलं, मीही रांगेबाहेर येऊन उभा होतो.