उतरलेला गंधार

गाण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून हेकट. पुण्यात बारा वर्षं गुरुजींकडे शिकलो, त्यामुळे आपला कान खरा आणि बाकी सगळे बेसूर, हा माझा खाक्या. गाडीत मुलीने तिची गाणी लावली की मी बटण बंद करायचो. आम्ही तेव्हा दुबईत होतो आणि ऊद मेथा भागातल्या शाळेत तिला अरबी सक्तीचं होतं. तिचा गृहपाठ बघून मी म्हणायचो, पुण्यात हे कुणाशी बोलणारेस गं?

आणि बघा, तिला पुण्यालाच पाठवायची वेळ आली. २००८च्या मंदीनंतर शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कंपनीने सहा महिन्यांत गाशा गुंडाळला. मला फुजैराला नोकरी मिळाली, पण पगार जेमतेम एकट्यापुरता. बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. एअरपोर्टवर तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दर शुक्रवारी मी फोन करायचो. शाळा कशी आहे? फाइन. जेवलीस का? येस. की लगेच फोन आईकडे. मला ते फार लागायचं. पोरगी हातची गेली असंच वाटायचं.

तिकडे सुटी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी ऑफिस सुटलं की मी गाडीने शारजाला मित्राकडे जायचो. डोंगर लागले की हिंदी स्टेशनं खरखरून बंद पडायची आणि एक अरबी स्टेशन तेवढं उरायचं. सोबत म्हणून ते चालू ठेवायचो आणि स्टिअरिंगवर ठेका धरून त्यांच्या चुका काढायचो. सम काही केल्या सापडायची नाही. त्यात एक म्हातारा गवई लागायचा, त्याचा गंधार हमखास उतरलेला. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. पेटीवरच्या काळी-पांढरीच्या फटीत अडकल्यासारखा. मागे एवढा मोठा वाद्यवृंद आणि एकजणही त्याला सांगत नाही, याचाच मला संताप यायचा.

एका गुरुवारी गाडी कडेला घेऊन मी ते गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी बायकोला करमणूक म्हणून फोनवर ऐकवलं. म्हटलं, ऐक, काय बेसूर गातोय. तिने फोन स्पीकरवर टाकला होता. मागून मुलीचा आवाज आला.

"बाबा, ही इज नॉट राँग. दॅट्स व्हेअर द नोट इज."

चार महिन्यांतलं तिचं पहिलं अख्खं वाक्य, आणि तेही मला चूक ठरवणारं. माझं डोकंच फिरलं. पण ती थांबेना. तिचे दुबईच्या शाळेतले अरबीचे सर ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवायचे आणि कोमल-शुद्धच्या मधला हा अरबी सूर त्यांनी वर्गात मुद्दाम दाखवला होता म्हणे. मी ओठांवर आलेलं गिळलं. आता ही फोन आईला देईल या धास्तीने घाईघाईने विचारलं, की बाई, तो म्हणतोय तरी काय? तिने गाणं परत लावायला सांगितलं.

तेव्हापासून तो नेमच झाला. गुरुवारी डोंगरात रेकॉर्डिंग, शुक्रवारी फोन. ती अर्थ सांगायची, अडलं तर जुनी वही काढायची. हबीबी हा शब्द मी तोवर फक्त गिऱ्हाइकं ओढणाऱ्या दुकानदारांच्या तोंडी ऐकला होता. इथे तो एक शब्द म्हणायला गवयाला तीन-तीन मिनिटं लागायची. चाळिशी उलटल्यावर लेकीची शिकवणी लागली, घ्या! आणि खरं सांगतो, तो गंधार मला आवडायला लागला. एखाद्या गुरुवारी नाही लागला तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

तीन वर्षांनी बरे दिवस आले आणि दोघी परतल्या. त्या वर्षी दुबईतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी नेहमीचा अभंग गायला बसलो. पहिल्याच अंतऱ्याला गंधार खाली गेला तो वर येईचना. पेटीवाले काका शुद्ध गंधार दाबून धरून माझ्याकडे डोळे वटारत होते. लोक सभ्य, त्यांनी टाळ्या वाजवल्या. परतताना मी गाडीत स्वतःवरच करवादत होतो, की बारा वर्षांची तालीम मातीत गेली. बायको मागे बसून हसत होती.

शेजारी बसलेल्या मुलीने रेडिओवर ते अरबी स्टेशन लावलं. आणि एरवी इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारी ती मराठीत म्हणाली, "बाबा, तिकडे पुण्यात मला कुणीच नव्हतं. मी शुक्रवारची वाट बघायचे."

आणि मी आपला समजत होतो, शुक्रवारची वाट मी एकटाच बघतोय.