खुर्च्यांची राखण

बसस्टँडवरच्या सामानघरात तिची उभी हयात गेली. काउंटरवर बॅग आली की तिला दोरीने बिल्ला बांधायचा, जोडीचा बिल्ला गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा आणि गिऱ्हाईक परत येईपर्यंत मांडणीवरून नजर हलू द्यायची नाही. बदली माणूस आल्याशिवाय ती चहालासुद्धा उठत नसे. स्टँडवर तिला सगळे टोकनबाई म्हणत. घरच्यांना या नोकरीचं कौतुक फारसं नव्हतं, उपयोग मात्र पुरेपूर होता. कुठल्याही समारंभाला गेलं की पर्स, कोट, छत्र्या, झोपलेली पोरं असं सगळं तिच्या आसपास आपोआप येऊन साठायचं.

तरी मुलाने क्रूझची तिकिटं काढली आणि म्हणाला, "आई, तू या वेळी फक्त आराम करायचास हं," तेव्हा तिने आराम म्हणजे नेमकं काय, हे विचारून घेतलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही बाई भाबडी राहू शकते ती अशी.

शिवाय तिचं लक्ष भलतीकडेच होतं. जाहिरातीच्या कागदावर डेकवरचा निळाशार तलाव होता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम सांगितला, म्हणून ती दुपारच्या बायकांच्या बॅचला जायला लागली. घरी सगळ्यांना वाटत होतं, ती पाण्यात उभी राहून पाय हलवते. ती मात्र कडेचा दांडा सोडून चक्क पोहायला शिकली होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण नणंदेच्या कानावर गेलं असतं तर ते नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरलं असतं. जहाजावर एकदा सगळ्यांदेखत पाण्यात उतरायचं, या काठावरून त्या काठाला जायचं, मग काय हसायचं ते हसा, असं तिने ठरवलं होतं. पोहण्याचा पोशाख साडीच्या घड्यांमध्ये गुंडाळून तिने बॅगेच्या तळाशी घातला होता.

पहिल्याच सकाळी मुलाला एक शोध लागला. डेकवरच्या आरामखुर्च्या उजाडता उजाडता भरतात आणि नुसते टॉवेल टाकून ठेवले तर लोक ते बाजूला सारून बसतात.

"आई, तू लवकर उठतेसच," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खरोखरच काळजी होती. खुर्च्यांची.

त्या दिवसापासून तिची ड्यूटी सुरू झाली. तलावाशेजारच्या रांगेत एका खुर्चीवर ती आणि बाकीच्यांवर टॉवेल, चपला, गॉगल, सुनेचं उन्हाचं क्रीम, मुलाचा स्पीकर, नणंदेची पायाला चोळायची ट्यूब आणि नवऱ्याची मोठी बॅग. कुणी जवळ येऊन, "ही रिकामी आहे का?" विचारलं की तिने मान हलवायची. सगळे गेम खेळायला, मसाज करून घ्यायला, नाच शिकायला जायचे आणि मधूनमधून येऊन समुद्र जागेवर आहे ना, ते पाहून जायचे.

सून जेवणाचं ताट तिथेच आणून द्यायची. "बघा आई, तुम्हाला उठावंसुद्धा लागत नाही!"

नणंद येऊन टेकायची. "वहिनी, तुमचं बाई नशीब. नुसतं बसायचं. माझे तर पाय मोडले त्या नाचाच्या वर्गात. ती ट्यूब द्या जरा."

एकदा तिने नवऱ्याजवळ विषय काढलाच. "अहो, मी जरा पाण्यात जाऊन येते."

"पाण्यात? तू?" त्याने चष्मा वर केला. "अगं, मग खुर्च्या?"

"तुम्ही बसा ना थोडा वेळ."

"मी बसलो असतो गं, पण माझी टेबल टेनिसची मॅच आहे. संध्याकाळी बुडव की पाय."

संध्याकाळी तलावावर जाळी पडायची. हे त्याला माहीत नसावं. तो पाण्याकडे कधी बघतच नव्हता. ती टॉवेल टाकून सरळ उठूनही गेली असती, पण ताब्यात घेतलेलं सामान उघड्यावर सोडून जायचं तिच्या हाडातच नव्हतं. घरच्यांना तिच्या स्वभावातलं एवढं एकच नेमकं ठाऊक होतं.

शेवटच्या सकाळी स्पीकरवर घोषणा झाली. जहाज संध्याकाळी बंदराला लागणार, म्हणून दुपारी तलावाचं पाणी काढण्यात येईल. जहाजावरच्या दुकानात सेल लागल्याचीही घोषणा त्यातच होती. घरच्यांना दुसरी तेवढी ऐकू आली.

"येतोच," म्हणून सगळे गेले. ऊन डोक्यावर चढलं, तरी कुणी फिरकलं नाही. तलावाच्या टोकाला एक कामगार जाळीची गुंडाळी आणून ठेवत होता. ती बघत राहिली. मग तिला आठवलं, की आपल्या सामानघरातही राखणीला हद्द असते. वेळेत कुणी न्यायला आलं नाही, की ते सामान बेवारस धरून ऑफिसात जमा करायचं. तिथून पुढे आपली जबाबदारी नाही.

तिने सगळं मोठ्या टॉवेलात बांधलं, बॅग खांद्याला लावली आणि खाली हरवल्या-सापडल्याच्या काउंटरवर नेऊन ठेवलं.

"डेकवर पडलं होतं," ती म्हणाली.

"कुणाचं आहे, काही कल्पना?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"येतील विचारत. पण ओळख पटल्याशिवाय देऊ नका. लोक वाट्टेल ते सांगतात."

केबिनमध्ये जाऊन तिने कपडे बदलले. वर येईपर्यंत त्यांच्या खुर्च्यांवर अनोळखी माणसं आडवी झाली होती.

तलाव पाण्यात उतरून पाहिला तर जाहिरातीतल्या तलावाचं नातवंड शोभला असता. पाणी खारट होतं, आणि जहाज कललं की सगळं एका काठाकडे जायचं. तिने दांडा धरला, दांडा सोडला. मधोमध पाणी अचानक खाली गेलं, तोंडात शिरलं. ती हात मारत राहिली. बोटांना पलीकडची फरशी लागली, तेव्हा ती एवढ्या मोठ्याने हसली, की शेजारची बाई सरकून बसली.

परत फिरून ती पुन्हा या काठाला येते, तो वर नवरा उभा. घामाघूम.

"अगं, आपलं सामान खाली जमा झालंय! तो माणूस बॅगेचा रंग विचारतोय, आत काय आहे विचारतोय. पोरगा म्हणतो निळी, ताई म्हणते चॉकलेटी. तो देतच नाहीये!"

"मग खरा रंग सांगा की."

"मला काय माहीत? भरतेस तू, उचलतेस तू!" मग त्याला बायको कुठून बोलते आहे ते दिसलं. "आणि तू... तुला पोहता कधीपासून येतं?"

"वर्ष झालं."

तो काठावर वाकला. रागवावं की घाबरावं, ते त्याचं ठरेना. "बरं, बरं. पण आता बाहेर कधी येतेस?"

"पाणी काढतील तेव्हा," ती म्हणाली आणि भिंतीला पाय रेटून पलीकडच्या काठाकडे निघाली.